पाचवी किती वेळा पुजली

आई, पेपर छापून आला. पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, हे तुला एकदा समजावताना माझी दमछाक झाली होती. आम्ही डॉक्टर लोक जे शोधतो ते बाकीच्या डॉक्टरांनी वाचावं म्हणून छापतात, तो. तू तेव्हा विचारलं होतंस, "मग पोरांच्या आयांना कोण सांगतं?" हा पेपर आहे तो अशा मुलांबद्दल, ज्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात पण मारू शकत नाहीत. मूल वरून गुटगुटीत दिसतं आणि भिंतीच्या ओलीतली साधी बुरशी त्याला आडवं करते. बहुतेक मुलगेच असतात, आणि एकाच घरात एकामागून एक जातात. वेळेत कळलं तर रोजच्या औषधांवर मूल वाढतं, शाळेत जातं, आईच्या डोक्याला ताप देतं. वेळेत कळायचं तर आधी कोण गेलं ते घरच्यांनी सांगायला हवं, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही.

छापण्याआधी असले पेपर तज्ज्ञांकडे तपासायला जातात. त्यांच्यातल्या एकाने, कुठल्या देशात बसला होता कोण जाणे, शेरा मारला की तुमच्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न समजला नाही, त्याला आधार द्या. चौथा प्रश्न म्हणजे, घरात पाचवी किती वेळा पुजली? आधार काय देणार? लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि खवणीवर बसलेली एक बाई?

त्या खवणीवरच तू मला नियम घालून दिला होतास. माझं एम.डी. लागलं ते नेमकं परळला, तू जिथे आयाबाई होतीस त्याच इस्पितळात, त्याच लहान मुलांच्या वॉर्डात. मी पेढे घेऊन आले, तू हात न थांबवता नारळ खवत होतीस. "वॉर्डात माका आई म्हणायचा नाय," म्हणालीस. "थंय मी मावशी. सगळ्यांची तशी तुझी." मी विचारलं, असं का? तर म्हणालीस, "लोक पोराक डॉक्टरकडे देतत, आयाबाईच्या चेडवाकडे नाय." मी वाद घातला, पण तो घालायचा म्हणून. मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तुला कळलं नसेल असं मी इतकी वर्षं समजत आले. तुला न कळणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या. तेव्हापासून चिवड्याच्या गल्लीतून आपण दोघी बरोबर चालत जायचो, आणि इस्पितळाच्या फाटकापाशी तू दहा पावलं मागे राहायचीस.

आता तो दिवस. सकाळचा राउंड चाललाय. खिडकीजवळच्या खाटेवर सात महिन्यांचा मुलगा, डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ, ताप हटत नाही, छाती भरलेली. सर समोर उभे, आम्ही चौघं डॉक्टर हात बांधून, आणि केसपेपर मी वाचतेय. "पहिलं अपत्य. घरात कोणाला काही नाही." पहाटे मी विचारलं होतं, कितवं मूल? बाळाच्या आईने तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली होती, पहिलंच. मी लिहून घेतलं होतं, आणखी काय करायचं असतं? तू शेजारच्या खाटेची चादर बदलतेयस. चादर काखोटीला मारून तू माझ्याजवळून जातेस आणि जाता जाता, खाली मान घालून, वॉर्डातल्या तुझ्या शुद्ध मराठीत म्हणतेस, "डॉक्टर, त्या आजींना विचारा, घरात पाचवी किती वेळा पुजली." सर माझ्याकडे बघतायत. मी पान उलटते आणि रक्ताचे रिपोर्ट वाचायला लागते.

पाचवी म्हणजे काय हे त्या तज्ज्ञाला लिहून कळवताना माझ्या लक्षात आलं, की तुझा प्रश्न किती हुशार होता. बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाट मांडून सटवाईची पूजा करतात. ती येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. आपल्याकडे गेलेल्या लेकराचं नाव काढत नाहीत, काढलं तर असलेल्यावर संकट येईल म्हणून. त्यामुळे मुलं किती विचारलं की घरं फक्त हयात असलेली मोजतात, आणि दुधाने तोंड पोळलेली आजी तर त्यातही कमीच सांगते. पण पाचवी किती वेळा पुजली असं विचारलं की ती अडते. सटवाईच्या पूजेचा आकडा चोरायला कुणी धजत नाही. जी नशीब लिहिते तिच्याशीच लबाडी कशी करायची?

तो मुलगा नवव्या दिवशी गेला. सासू पॅसेजच्या फरशीवर बसून कपाळ बडवत होती, "तिसऱ्यांदा पुजली होती गं बाई, तिसऱ्यांदा!" सरांनी केसपेपर मागून घेतला. 'पहिलं अपत्य' या माझ्या अक्षरावर बोट ठेवून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आधी दोन मुलगे गेले हे पहिल्या दिवशी कळतं तर त्यांनी उपचारांची दिशाच बदलली असती, हे मला पुढे वाचून कळलं. तरीही तो जगला असता का? त्या काळी औषधं तुटपुंजी होती, गाठ फार पुढे गेली होती. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलंय.

त्या दिवशी घरी तू पेज वाढलीस, सोबत भाजलेला सुका बांगडा. मी ताटाकडे बघत बसले होते. तू म्हणालीस, "गडबडीत तुका ऐकाक येवक नसात." मी म्हटलं, "हो, नाही आलं ऐकू." तू आणखी एक डाव पेज वाढलीस आणि मग जरा कडक आवाजात म्हणालीस, "पुढच्या टायमाक तूच इचार. माका काय जलमभर थंय ठेवतले?" एवढंच तुझं रागावणं. पुढे निवृत्त होईपर्यंत, आणि नंतर जाईपर्यंतही, तू तो विषय काढला नाहीस.

मी मात्र विचारत राहिले. आधी लाजत, मग सवयीने, मग हट्टाने. उत्तरं वहीत उतरवली, वहीतून घराण्यांचे तक्ते झाले, तक्त्यांवरून रक्ततपासण्या ठरल्या. सगळ्यांकडे पाचवी नसते, हेही लोकांनीच शिकवलं. खोताच्या वाडीतली एक ख्रिस्ती आजी मला म्हणाली, "आमच्यात ते नाय हां डॉक्टर, तुम्ही असं विचारा, बाप्तिस्म्याचा झगा किती पोरांना घातला?" त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच झगा. तोही प्रश्न आता फॉर्मवर आहे, तुझ्या प्रश्नाखाली.

आणि आता जे सांगण्यासाठी लिहायला बसले ते. दोन वर्षांपूर्वी घोडपदेवची एक मुलगी तापाने आमच्याकडे आली, चार वर्षांची. ताप साधाच होता. तिची आई आठ महिन्यांची गरोदर, बरोबर सासू. आमच्या नव्या डॉक्टर पोरीने फॉर्म भरताना विचारलं, मुलं किती? सासू म्हणाली, "ही एकच." पोरीने चौथा प्रश्न विचारला. आजीने पदर सारखा केला, सुनेकडे बघितलं आणि तीन बोटं वर केली. या मुलीआधी दोन मुलगे गेले होते. महिन्याभराने मुलगा झाला. जन्मल्याबरोबर दंडावर टोचतात ती क्षयाची लस, जी अशा मुलांच्या अंगात पसरते, ती आम्ही थांबवायला लावली. रक्त तपासलं, तोच आजार निघाला. पण या वेळी आजार आमच्या आधी पोचला नव्हता. पहिल्या दिवसापासून औषध सुरू झालं, आणि पुढे त्याच तापवाल्या बहिणीचा बोन मॅरो त्याला जुळला. महिनोन्‌महिने त्याला माणसांपासून लांब ठेवलं. परवा तो तपासणीला आला. माझा स्टेथोस्कोप ओढून त्याने तोंडात घातला. रिपोर्ट इतके चांगले की मी दोनदा वाचले. आजी बराच वेळ दाराशी घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, बारसं राहिलंय त्याचं. आता चार माणसं बोलावली तर चालतील?" मी म्हटलं, चाळीस बोलवा. मग डॉक्टरकी आठवली आणि म्हटलं, खोकणारं कोणी नको. ती रडली, मीही रडले, आणि तो पाळण्याच्या वयाचा राहिलेला नाही यावर आम्ही सगळे हसलो.

ते गेल्यावर आमची ती डॉक्टर पोर छापलेला पेपर उघडून बसली होती. शेवटी आभार असतात, त्यात मी तुझं नाव घातलंय, पूर्ण नाव, पुढे 'आयाबाई, बालरुग्ण वॉर्ड', आणि चौथा प्रश्न यांचा आहे असं वाक्य. नातं लिहिलं नाही, तुझा नियम मोडवेना. पण पोरीचं लक्ष आडनावावर गेलं. "मॅडम, या कोण?" वॉर्ड भरलेला होता. मी म्हटलं, "माझी आई." जरा मोठ्यानेच म्हटलं बहुतेक, कारण चादर बदलणाऱ्या मावशींनी वळून बघितलं. पोर म्हणाली, "भारी हां," आणि पुढच्या खाटेकडे गेली. इतकंच झालं. इतकंच होणार होतं, तर मी एवढी वर्षं कशाला घाबरत होते?

बारशाला जाणार आहे. पाळण्यात घालायला कुंची घेतलीय दादरहून, ती त्याच्या डोक्यात जाणार नाही, पण घेतली. हे पत्र तुला पोचायचं नाही आणि मी ते कुठे टाकणारही नाही. कुंचीच्या पिशवीतच राहील. फक्त एक गोष्ट, तू मला त्या दिवशी पेजेच्या ताटावर सुटका दिलीस आणि मी ती घेतली. आई, मला ऐकू आलं होतं.