गोबरगॅसचं कानडी पुस्तक

आक्का,

पुस्तकं पारखायला अख्ख्या मुरगुडात माझा हात धरणारा कुणी न्हाय. गडहिंग्लजच्या बाजारात दोन पुस्तकं घेतली, तवा दुकानदार म्हणाला, "पावणं, आतनं वाचून तरी बघा." म्हटलं, "चित्रं बघितली की!"

घरात येऊन बघतोय, तर औषधांचं पुस्तक गुरांचं निघालं. तुझ्या खोकल्याला त्यात बघून मी केलेला काढा पिऊ नगंस. गोबरगॅसचं मात्र झकास हाय, फकस्त सगळं कानडीत. संकेश्वरच्या मावशीला कानडी वाचता येतंय, म्हणून तिच्याकडं चाललोय. औंदा दिवाळीला चुलीच्या धुराबिगर करंज्या तळशील बघ, खोकला पण जाईल.

सदबा

ता.क. चित्र बघून गॅसचा खड्डा खणून ठेवलाय. म्हैस त्यात हाय. वैरण वरनंच टाक.