कुंपणामागे होशेआ

प्रिय थिर्झाताई,

इंडियानात मी धडधाकट आहे, घाईत लिहितेय, म्हणून अक्षराला हसू नकोस. आईचा खोकला कसा आहे?

काल बंडखोर दक्षिणेचे दोन हजार घोडेस्वार नदी ओलांडून आमच्या बाजूला आले. आपली, उत्तरेची खरी फौज लांब आहे. गाव राखायला राज्याची स्वयंसेवक पलटण आहे, म्हणजे आमचा सुतार, शाळामास्तर आणि गिरणीवाला होशेआ. दर शनिवारी ते कवायत करायचे आणि मी दारात बसून खिदळायचे.

मी विधवा झाल्यापासून या होशेआनं मला दोनदा मागणी घातली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "आधी तासभर बंदूक धरून एका जागी उभा राहून दाखव, मग बघू."

ताई, तो उभा आहे गं. रस्त्यावर कुंपणाची लाकडं रचलीत, त्यांच्यामागे, सकाळपासून.

सुतारणीबरोबर मी बादलीभर पाव पाठवले. वर चिठ्ठी ठेवली, 'ते आले की सरळ पळ. मी हसणार नाही, शप्पत.' बादली रिकामी परत आली. चिठ्ठीच्या मागे त्यानं लिहिलं होतं, 'पाव दगड झालेत. अजून पाठव, गोळ्या कमी आहेत.'

मी हसले, मग रडू आवरेना.

आता तोफा वाजतायत. आईला एवढंच सांग, केझाया पुन्हा लग्न करायचं म्हणतेय. ती नाव विचारेल. ते माझं पुढचं पत्र येईपर्यंत सांगू नकोस.

तुझी खोडकर, आज भेदरलेली,
केझाया