पळसाच्या पानांचा माणूस

१८ सप्टेंबर, अंथुर्णे

पोचलो एकदाचा! बारामतीहून बस वेळेवर सुटली, हेच नवल. चुलती बनाबाई आज पहिल्यांदाच भेटल्या, पण चहा पुढ्यात यायच्या आत माझ्या नोकरीपासून वैदेहीच्या माहेरापर्यंत सगळी झडती घेऊन झाली. खापरपणजोबा सावळारामांचा माग काढायला आलोय म्हटल्यावर मात्र उठून आत गेल्या. खुनाच्या आरोपावरून १८८९ साली ते काळ्या पाण्यावर गेले, एवढंच घरात ठाऊक होतं. अंदमानातून मागवलेल्या कागदात पुढचं सापडलं. वीस वर्षांनी सुटून ते गावी निघाले होते! घट बसायच्या आत परत या, असं लेक छकुलीनं बजावलंय.

१९ सप्टेंबर

बनाबाईंनी आज सांगितलं. शिक्षा कळताच घरच्यांनी सावळारामांना मेलेलं धरलं, पळसाच्या पानांचा माणूस करून जाळला, दिवस घातले. वीस वर्षांनी ते दारात उभे राहिले. जाळलेल्या माणसाला घरात घेणार कसं? तोंड फिरवून रोज तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ठेवायचे. एक दिवस पाणी तसंच राहिलं. मला वाईट वाटलं आणि भयंकर रागही आला. सर्वपित्रीला त्यांचं रीतसर करणार.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

बनाबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, "एका माणसाचं दोनदा करत न्हाईत. त्याचं झालंय. आता करशील ते तुलाच लागंल."

मी हसण्यावारी नेलं. ओढ्याकाठी पानांचा माणूस बांधला, अग्नी दिला. पायांकडून पेटला. तेव्हापासून माझे पाय बधिर आहेत. उन्हात फार वेळ उभा होतो, त्याचंच असेल.

२२ सप्टेंबर

कमरेपर्यंत बधिर. उकळता चहा मांडीवर सांडला, कळलंच नाही. सकाळपासून बनाबाईंनी माझ्याकडे पाहिलेलं नाही. जेवायलाही बोलावलं नाही. घट बसले. छकुली रुसली असेल. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२३ सप्टेंबर, बारामती

कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. एक बाई सरळ माझ्या जागेवर बसायला लागली — मीच उठलो.

वैदेहीनं दार उघडलं. मी हाक मारली. तिनं रस्त्याकडे पाहिलं, दार लोटलं.

पुन्हा आली. हातात तांब्या. तोंड फिरवून उंबऱ्याबाहेर ठेवला — तिला तर मी काही सांगितलंच नव्हतं —

तहान नाही. बोटं कळत नाहीत.

आतून छकुली विचारतेय, बाबा कधी येणार. अगं, मी इथंच, उंबऱ्या—