अशोका गार्डनमधले घर आणि त्यात राहणारी माणसे

मी, सुचेता नीळकंठ पिंपळापुरे, वय ३१ वर्षे, अविवाहित, कारखान्याच्या तपासणी विभागात अभियंता, राहणार कारखान्याची वसाहत, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतः विचार करून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नकोस असे मात्र दोघांनी सांगितले. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

येत्या १७ तारखेला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. झडप गळते. नऊ वर्षे मी कारखान्यात झडपाच तपासते, त्यामुळे समजावून सांगायला डॉक्टरांना फार वेळ लागला नाही. शंभरात चार रुग्ण दगावतात असे ते म्हणाले, आणि हा आकडा चांगला आहे असेही म्हणाले. आमच्या विभागात शंभरात चार नग नापास झाले तर सगळा माल परत जातो. म्हणून हा कागद.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी माझ्या सहकारी कल्पना दिघे यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. आधी रडल्या, मग दिला.

२. मी राहते ते क्वार्टर कारखान्याचे आहे. ते कोणालाही देण्याचा मला अधिकार नाही. पंधरा दिवसांत रिकामे करून चावी इस्टेट ऑफिसात जमा करावी व पोच घ्यावी. मधल्या काळात तिथे कोणालाही, एका दिवसासाठीसुद्धा, राहू देऊ नये.

३. बँकेतील मुदत ठेव व भविष्यनिर्वाह निधी माझी आई सुमित्रा हिला मिळावा. ती नागपूरला माझे थोरले बंधू विश्वास यांच्याकडे राहते. पैसे तिच्या एकटीच्या खात्यात जावेत. तिला सही करता येते.

४. माझा मायक्रोमीटर आणि दोन व्हर्नियर कल्पना दिघे यांना. त्यांतला एक व्हर्नियर गेली दोन वर्षे त्यांच्याकडेच आहे. आता परत करायला नको.

५. भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतील तीन खोल्यांचे घर बाबांनी बांधले आणि १९९३ साली बक्षीसपत्राने मला दिले. त्याच दिवशी नागपूरचा प्लॉट त्यांनी दादाच्या, म्हणजे विश्वासच्या, नावे केला. प्लॉट मोठा आहे. दादा हे कोणाला सांगत नाही, म्हणून इथे लिहिले.

६. हे घर १९९५ पासून मी हेमंत बडवाईक यांना भाड्याने दिले होते. या वर्षी मार्च महिन्यात शेजाऱ्यांनी पाणी भिंतीत मुरत असल्याचा निरोप दिला, म्हणून मी पाहायला गेले. सात वर्षांच्या एका मुलीने दार उघडले. मी विचारले, "पाइप कुठून गळतोय गं?"

ती म्हणाली, "मी कांचन. हेमंतमामांची सख्खी भाची. आई त्यांची सख्खी बहीण. आम्ही सुट्टीला आलोय."

तिच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. नाते मी विचारलेच नव्हते. आणि खऱ्या भाच्या पाहुण्यांना असे दारातच सख्ख्या म्हणून सांगत नाहीत. मी ओळखले, कारण हे पाठांतर मीही केलेले आहे.

हेमंत बडवाईक करोंदला, मंडीजवळ राहायला गेले होते. वर्षभरापूर्वीच. माझे घर त्यांनी कांचनच्या आईला, नलिनी ठवकर यांना, परस्पर दिले होते, माझ्या भाड्याच्या दीडपटीने. मी बडवाईकांना गाठले, तेव्हा ते हसत म्हणाले, "मॅडम, आपण घरचेच लोक. बहिणीसारखीच समजा ना तिला."

"समजू कशाला? बहीण आहे की नाही?"

"तशी नाही."

"मग मुलीला तसं सांगायला कोणी शिकवलं?"

"आजकल सगळेच सांगतात, मॅडम. तुमच्या वसाहतीत तर अर्धी क्वार्टरं मामा-भाच्यांचीच आहेत!"

मी तिथूनच वसाहतीत परत आले.

७. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे वकील म्हणाले. तरी राहू द्यावे. १९७५ साली बाबा याच कारखान्यात कंत्राटावर ड्राफ्ट्समन होते. कंत्राटी माणसाला क्वार्टर मिळत नसे. कारखान्यात कायम असलेल्या अच्युत सबनीस यांनी आपल्या क्वार्टरमधल्या दोन खोल्या आम्हांला दिल्या. दारावर पाटी त्यांची. इस्टेट ऑफिसातून तपासणीला माणूस आला की ते आमचे सख्खे मामा. जेवणानंतर आई आमच्याकडून हे म्हणून घेई, पाढ्यांसारखे.

मी आठ वर्षांची होते. तपासणीला आलेल्या माणसाने मला विचारले, "बेटा, मामा किधर सोते हैं?" मी सांगितले, मामा आमच्याकडे झोपत नाहीत, मधल्या दाराला कुलूप असते. मला तो प्रश्न नात्याचा वाटला नाही, खोल्यांचा वाटला. खोल्यांबद्दल काय सांगायचे ते मला कोणी शिकवले नव्हते.

तीन दिवसांची मुदत मिळाली. दुसऱ्याच दिवशी वीज आणि पाणी तोडले. सबनीसमामांना दंड झाला. क्वार्टर त्यांच्याकडेच राहिले. आम्ही हातगाडीवर सामान घालून निघालो. दादा बारा वर्षांचा होता. त्याची वार्षिक परीक्षा चालू होती. तो त्या वर्षी नापास झाला. ते तेवीस वर्षे मी ऐकत आले आहे. आता दमले.

८. भाडेकरूने न विचारता पोटभाडेकरू ठेवला तर घरमालकाने काय करावे, हे माझ्या घरापुरते लिहून ठेवते. राग आला तरी आधी आत कोण राहते ते स्वतः जाऊन पाहावे. नोटीस द्यायची ती ज्याच्याशी करार आहे त्याला, लेखी, रजिस्टर पोस्टाने. आत राहणाऱ्याला नव्हे. बहुधा त्याला खरे सांगितलेलेच नसते. वीज-पाणी तोडू नये. दाराला आपले कुलूप लावू नये. मुलांना काहीही विचारू नये.

मी एवढेच केले. बडवाईकांचा करार मे महिन्यात संपवला. नलिनीताई साड्यांना फॉल-पिको करून देतात; बडवाईकांना दरमहा वेळेवर पैसे देत होत्या आणि पावती एकदाही मिळाली नव्हती. जूनचे भाडे मी थेट त्यांच्याकडून, बडवाईक मला देत त्याच दराने घेतले आणि पावती दिली. वकील म्हणाले, "अहो, पावती दिलीत की त्या तुमच्या भाडेकरू झाल्या!" मी म्हटले, म्हणूनच दिली.

दादाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, "सुचे, कुलूप ठोक आणि मोकळी हो. ती बाई काय कोर्टात जाणारेय?"

"दादा, आपल्याला काढलं तेव्हा तू किती रडला होतास."

"म्हणून तर सांगतोय. काढलं की जातात लोक. आपण नाही का गेलो?"

९. हे घर माझ्यामागे दादाला मिळावे. बाबांचे घर आहे, दुसरीकडे जाऊ नये. पण अट अशी: कांचन दहावी होईपर्यंत, भाडे वेळेवर येत असेल तर, नलिनी ठवकर यांना कोणत्याही मार्गाने बाहेर काढू नये. कुलूप लावल्यास किंवा वीज-पाणी तोडल्यास त्या दिवसापासून घर नलिनी ठवकर यांच्या मालकीचे होईल. वकील म्हणाले, "ही अट नाही, धमकी आहे." मी म्हटले, दोन्ही असू द्या.

१०. परवा वरचे कलम मी नलिनीताईंना वाचून दाखवले. त्या मशीनवर होत्या. पाय थांबवून त्यांनी पूर्ण ऐकले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही नीट परत आल्या तर हे काहीच नाही?" लगेच जीभ चावली. "ताई, तसं नव्हतं हो म्हणायचं मला."

प्रश्न बरोबर होता. माझ्याच आधी लक्षात यायला हवा होता. मी गेले तर त्यांचे घर पक्के, आणि मी जगले तर माझ्या मर्जीवर. असा आराखडा मी कामावर मंजूर केला नसता.

म्हणून आज सकाळी आम्ही दोघींनी रजिस्ट्रार कार्यालयात दहा वर्षांचा भाडेकरार नोंदवला. मी जगले तरी तो लागू, नाही जगले तरी लागू, आणि दादावरही बंधनकारक. बाहेर पायऱ्यांवर नलिनीताईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता तुम्ही नीट परत या."

सही: सुचेता नीळकंठ पिंपळापुरे

हा कागद सुचेता पिंपळापुरे यांनी आम्हां दोघांच्या देखत वाचला व त्यावर सही केली. त्यांच्या देखत आम्ही सह्या केल्या. यातून आम्हांला काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार: १) नारायण गद्रे, तपासणी विभाग
२) मालती सोहोनी, शेजारी

भोपाळ, १० जुलै १९९८