शेखाडीनंतरचा थांबा

अल अझीझिया, जेद्दा
४ डिसेंबर, गुरुवार

आदरणीय हम्माद मामू यांना भाचा यासीनचा अदबीने सलाम. मामीजानना आणि घरातल्या लहानथोरांना दुआ-सलाम.

आम्ही तिघंही अल्लाच्या मेहरबानीने बरे आहोत. तुमची शुगर उपाशीपोटी किती आणि जेवल्यावर किती, हे वेगवेगळं कळवावं. मागच्या वेळी मामीजानने नुसतं ‘बरी आहे’ असं कळवलं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. फोनच केला असता, पण फोनवर कोण कोण ऐकतं याची खात्री देता येत नाही (आमची बायको अमिरुन्निसा तर नक्कीच ऐकते), म्हणून हे पत्र उमाकांत डॉक्टरांच्या हाती पाठवतो आहे. ते इथल्या इस्पितळातून रजेवर अलिबागला निघालेत. पाकीट नीट चिकटवलं आहे. उघडल्यासारखं दिसलं तर कळवावं.

तुम्हाला ठाऊकच आहे की एकोणीस वर्षं मी इथल्या गोदामाचा स्टोअरकीपर आहे. आमच्याकडून राबिघच्या रिफायनरीला सुटे भाग जातात. चार हजार तीनशे बारा प्रकारचे, आणि कुठला कुठे आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं. शिक्षण दहावी (त्यात गणिताला ब्याऐंशी, हे तुमच्या लक्षात असेलच), बाकी सगळं मी स्वतः शिकलो. अरबी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो आणि इंग्रजी व्हॉल्व्हबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांतून. आल्या आल्या मी गोदामातल्या सातही रॅकना आपल्या एसटीच्या थांब्यांची नावं दिली, श्रीवर्धनपासून म्हसळ्यापर्यंत, ओळीने. कप्पे म्हणजे सीटा. अमुक गॅस्केट कुठे, तर आरावी, खिडकीकडची तिसरी सीट. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये ही नावं आहेत, पण ती कशाची हे कुणाला माहीत नाही. मिसरी मॅनेजर आला, सुदानी आला, केरळचा आला; तिघांनीही व्हॉल्व्ह हवा झाला की ‘यल्ला, यासीनला बोलवा’ एवढंच केलं. मामू, माणसाने परदेशात आपली गरज अशी निर्माण करून ठेवावी लागते.

आता सरकारी धोरणाकडे येतो. या देशाने तेलाच्या पैशातून शहरं बांधायची ठरवली आणि बांधायला आपल्याला बोलावलं. त्याच वेळी हळूहळू आपल्याच पोरांना कामाला लावायचं, असंही कागदावर लिहून ठेवलं. ही गोष्ट त्यांच्या पंचवार्षिक योजनांमध्ये पुन्हा पुन्हा आली आहे (मी वाचल्या आहेत, आमच्या मॅनेजरने नाहीत). लिहिलेलं पन्नास वर्षं कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून आपण निर्धास्त राहिलो. आता मनावर घेतलंय. कंपनीत त्यांची माणसं पुरेशी असली तर कंपनी हिरवी, कमी असली तर लाल. लाल झालं की आपला इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना नव्याने मिळत नाही. खलास. धोरण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा देश आहे, त्यांची पोरं आहेत. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात माझ्या गोदामापासून कशाला?

ऑगस्टमध्ये नबीला नावाची बाई आली. वय तिशीच्या आसपास, स्वतः गाडी चालवत येते, सप्लाय चेनची पदवी. माझ्याकडून काम शिकणार आणि जानेवारीत माझी वरिष्ठ होणार. आणि मला आणखी वर्षभर ‘प्रशिक्षक’ म्हणून ठेवायचं की नाही, हेही पंधरा जानेवारीच्या आत तीच लिहून देणार! माझा इकामा जानेवारीअखेर संपतो. इफराची बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. म्हणजे नबीलाने नाही म्हटलं, तर पोरीला परीक्षेच्या तोंडावर बोचकं बांधायला सांगायचं, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीला. हे मी घरात बोलत नाही. इफराला वाटतं, अब्बा गोदामाचे मालक आहेत.

मी पहिल्या दिवसापासून सावध होतो, कारण बाई फार गोड वागते. दर गुरुवारी खजूर आणते. मी दोन आठवडे खाल्ले नाहीत, मग ती स्वतः खाते का हे पाहिलं, मग खाल्ले (उत्तम होते). मला ‘उस्ताद यासीन’ म्हणते. एकदा तर तिने विचारलं, तुमच्या मुलीची परीक्षा कोणत्या तारखेला? मामू, परक्या माणसाला ही तारीख कशाला हवी? मी घरी येऊन हे सांगितलं तर इफरा म्हणाली, “अब्बा, शी इज जस्ट बीइंग नाइस.” अमिरुन्निसा म्हणाली, “तुमच्याशी कुणी नीट बोललं तरी तुम्हाला पंचनामा करावासा वाटतो.” दोघींना जगाचा अनुभव नाही.

मी तिला रॅकची नावं सांगितली, पण ती कशाची हे सांगितलं नाही. ती निमूटपणे वहीत लिहून घ्यायची. मागच्या महिन्यात एके सकाळी आली, मोबाइलवर नकाशा उघडला, आपला सगळा किनारा माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “उस्ताद यासीन, हा तर रस्ता आहे!” एकोणीस वर्षं तीन मॅनेजरांना न उमगलेलं या बाईला तीन महिन्यांत उमगलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, कुणीतरी पाहिलं याचं जरा बरंच वाटलं. त्या दिवशी मीच तिला चहा पाजला आणि दिवेआगरच्या सुपारीबद्दल पाऊण तास सांगितलं.

मग तिने बोट ठेवलं: शेखाडीनंतरचा थांबा नकाशावर का नाही? मी सांगितलं की नकाशे बनवणारे निष्काळजी असतात, मी नसतो. तिने मान डोलावली. आता ती महिन्याअखेरीला आईच्या गुडघ्यांच्या इलाजासाठी मुंबईला जाते आहे, आणि तिथून दोन दिवस श्रीवर्धनला. म्हणाली, त्या थांब्यावर उभी राहून तुम्हाला फोटो पाठवीन. आणि हसली. त्या हसण्याचा मी तीन दिवस विचार करतो आहे.

बाकी सर्व क्षेम. मामीजानच्या हातच्या सांदणांची आठवण येते.

आपला आज्ञाधारक
यासीन

ता. क. मामू, असा थांबा नाही. रॅक सात होते आणि मला थांबे सहाच आठवले. खरं म्हणजे त्या रस्त्याने एसटीत मी नेहमी झोपलेला असायचो. म्हणून शेखाडी आणि दिवेआगर यांच्यामध्ये मी ‘हम्मादवाडी’ घातली. नाव तुमचंच दिलं, हे ध्यानात घ्यावं.

ता. क. २. शेखाडीपुढच्या तुमच्या बागेच्या कुंपणाला लागून, रस्त्याच्या कडेला, पंचवीस तारखेच्या आत ‘हम्मादवाडी’ अशी एक पाटी लावावी. अक्षरं चार इंची. पाटी नवी दिसता कामा नये. गंज आपल्याकडे लवकर चढतो, तरी मिठाचं पाणी मारावं. शेजारी दोन माणसं पिशव्या घेऊन उभी असली तर उत्तम.

ता. क. ३. बाईंना सांदणं खाऊ घालावीत. त्यांनी विचारलं की गाडी किती वाजता येते, तर सांगावं, आत्ताच गेली. एसटीच्या बाबतीत एवढं तरी खोटं ठरणार नाही.