हात न टेकवता

८ जून
ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.
हाताच्या थरथरीसाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो एकदाचा. बोगद्यासारख्या यंत्रात झोपवून डोक्याचे फोटो काढले. आत मेंदू सापडला, यावर तुझ्या भावजयीचा अजून विश्वास नाही.

मग कागदावर वेटोळं काढायला सांगितलं. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला! आम्ही पेंटर डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवतो, तसं टेकवलं आणि झकास वेटोळं काढून दिलं. घरात आणखी कुणाचा हात थरथरतो का, असंही त्यांनी विचारलं. आमच्या घराण्यात असलं काही नाही, असं छाती फुगवून सांगितलं. डॉक्टर बुचकळ्यात पडले आहेत, पुन्हा बोलावलंय. ताई, कंपवात निघाला तर ब्रश खाली ठेवावा लागेल. फार भीती वाटते.
लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा धाकटा

१५ जून
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
दुखणं दाखवायला गेलास आणि लपवून आलास! शहाणाच आहेस. या खेपेला हात न टेकवता काढ.

आता माझं ऐक. माझी पत्रं सून लिहिते, त्याला मी चष्म्याचं कारण सांगत आले. ते खोटं. माझाही हात थरथरतो, कप उचलला की बशी वाजते. जन्मभर वर्गात खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि मीच ही अशी. अण्णा दाढी न्हाव्याकडूनच का करून घ्यायचे, तेही आठवून बघ. डॉक्टरांना सगळं सांग.
माझ्यावर रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझी ताई

२४ जून
ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.
हात न टेकवता काढलं. कोंबडी कागदावरून पळत गेल्यासारखं वेटोळं आलं. तुझा हात थरथरतो नि आपल्या वडिलांचाही थरथरायचा, हे सांगितलं, तेव्हा डॉक्टर खुर्चीत सरसावून बसले. हात वाकवून, मला चालवून पुन्हा तपासलं. कंपवात नाही, ताई! घराण्यातून आलेली थरथर आहे. गोळ्या सुरू झाल्या. बारीक अक्षरं पूर्वीसारखी जमतीलच असं नाही, पण ब्रश सुटणार नाही. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि चक्क रडलो. रखवालदाराला वाटलं, माझं कुणीतरी गेलं.

गुरुवारी अकराची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. मी न्यायला येतो. येतेस की नाही ते कळव, पण सुनेच्या हातून नको. तू स्वतः लिही. अक्षर कसंही येऊ दे, मी वाचीन.
तुझाच,
धाकटा