रुखवताशेजारी केक

२० एप्रिल २००५, बुधवार

केक! माझ्या पोरीच्या लग्नात केक!

अंगणवाडीतून आले, पाय धुवायच्या आत तेजूनं सुरू केलं. "आई, स्टेजवर केक ठेवायचा. तीन मजली. नारायणगावच्या बेकरीत सांगून आलेय." सांगून आलेय! विचारून नाही — सांगून. मी म्हटलं, वाढदिवस आहे का गं तुझा? मेणबत्त्या किती लावायच्या, चोवीस? तर हसली. मला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

अख्ख्या महाळुंग्यात आजवर कुणी लग्नात केक कापलाय? टीव्हीतल्या बाया कापतात. त्या झोपतातसुद्धा दागिने घालून. त्यांचं बघून संसार करायचा का?

म्हटलं, आणि रुखवत? "ते राहू दे की. शेजारी." शेजारी म्हणे!

२१ एप्रिल

रात्र गेली तरी राग उतरला नाही, म्हणून लिहिते.

रुखवत म्हणजे नुसते लाडू नव्हेत. पोरीच्या घरचा हात कसा आहे ते चारचौघांत मांडायचं असतं. दिवाळीपासून करतेय मी. गव्हले, मालत्या, नखुले — भिजवलेल्या रव्याचा एकेक दाणा चिमटीत धरून वळायचा, तांदळाएवढा. अंगणवाडीतली पोरं घरी गेली की खिडकीपाशी बसायची आणि उजेड असेतो वळायची. दोन डबे भरलेत. बोटाला घट्टा पडलाय. सुपारीचे नवरा-नवरी केलेत, मुंडावळ्यांसकट. नवऱ्याला मिशी काढली कोळशानं. खारकांची बैलगाडी केली, तिचं एक चाक अजून रुसलंय.

आणि त्याच्या शेजारी काय, तर मैद्याचा डोंगर, वर साबणासारखा फेस!

२४ एप्रिल, रविवार

साळुबाई आल्या होत्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. केकचं ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या. "तुझी पोर शिकल्याली हाय बाई. आमच्या वृषालीला असलं सुचायचं न्हाई." म्हणजे काय? माझ्या पोरीला वळण नाही! मला उलटून बोलता येईना, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. त्याचाच जास्त राग आला.

मग सगळं त्यांनीच नेमून दिलं. कन्यादानाला गोरख भाऊजी आणि त्या बसणार. हळद त्या लावणार. रुखवताचं पहिलं ताट त्या उचलणार. "तू आपली मागचं बघ, जेवणाखाणाचं." मी हो म्हटलं. हे जाऊन नऊ वर्षं झाली, हे ठरलेलंच असतं. त्यात नवीन काय?

२७ एप्रिल

दोन दिवस तेजूशी अबोला. आज तीच बोलली. मी भाकऱ्या थापत होते.

"आई, रुखवताचं पहिलं ताट कोण उचलणार?"

म्हटलं, तुझी मोठी आई. आणखी कोण? सवाष्णीनं उचलायचं असतं.

"आणि तू?"

मी भटारखान्यात. आचाऱ्यावर लक्ष नको? तेल पळवतात मेले.

पिठात बोटानं रेघा ओढत बसली, लहानपणी बसायची तशी. मग उठली आणि म्हणाली, "केक पाहिजेच." काय विचारलं, काय बोलली! कशाचा कशाला मेळ नाही. भाकरी करपली माझी.

१ मे

बस्त्याला नारायणगावला गेलो होतो. साड्या झाल्यावर मला ओढत बेकरीत नेलं. बेकरीवाल्यानं फोटोंचा अल्बम पुढं टाकला. हंस, बदाम, कारंजं, काय नाही ते! "ताई, अंड्याचा का बिनअंड्याचा?" लग्नात अंडं! मी त्याच्याकडं असं बघितलं की तो आपला आपणच म्हणाला, "बिनअंड्याचाच करू." वर आणखी म्हणतो, "उन्हाचं दिस हाईत. आणला की तासाभरात कापा, न्हाईतर बसंल."

ऐका! तासाभरात बसतो. माझ्या मालत्या दोन वर्षं टिकतात.

३ मे

ठरलं. मीही दाखवते.

६ मे

केक पाहिजे ना? घे!

पाच परातींचा केला. रव्याचे लाडू, खाली मोठी परात, वर तिच्याहून लहान, वर आणखी लहान. प्रत्येकीच्या काठाला करंज्यांची महिरप, करंजीची मुरड बाहेर. सगळ्यात वर अनारशांचं कमळ. त्यांचा तीन मजली, माझा पाच मजली! परवा पहिल्यांदा रचला तर चौथी परात घसरली आणि लाडू पार कोंबडीच्या खुराड्यापर्यंत गेले. काल पुन्हा घसरला. आज प्रत्येक परातीत मधोमध पितळी डबा पालथा घातला, तेव्हा उभा राहिला. हलवला तरी हलेना. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तेजू आली. बराच वेळ बघत राहिली. "आई, काय केलंयस गं हे!" डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खोटं कशाला लिहू? मला वाटलं, जिंकले. म्हटलं, मग आता केक रद्द कर.

"नाही."

डोळ्यांत पाणी आणि तोंडात नाही! हात टेकले.

१० मे

आज कहर झाला. भाऊजींच्या घरी फोन आला, येडगावहून, सोनीबाईंचा — तेजूच्या होणाऱ्या सासूबाई. मी म्हटलं, आता बोलतेच. तुमच्याकडच्यांना केक हवाय म्हणून — तर त्या म्हणतात, "अवो इहीणबाई, आमी कुठं मागितला? आमच्यात कुणाला त्यातलं काय कळतंय? तेजूच म्हणाली, मला पायजे. आमचा संदेश म्हणला, करू द्या हौस."

म्हणजे सासरच्यांचं नावसुद्धा नाही त्यात. एकट्या तेजूचं खूळ आहे.

आता कळलं. पोरीला माझ्या रुखवताची लाज वाटते. जावयाच्या कंपनीतले साहेब येणार, संदेशचे चाकणचे मित्र येणार, त्यांच्यापुढं गावठी लाडू-करंज्या नकोत! वडील नसताना वाढवली, डीएडला घातली, अंगणवाडीच्या मानधनावर. तिला आता हा हात गावठी वाटतो. राग नाही आला आज. आधी नुसती कळशी घासत बसले. राग नंतर आला, आणि मग असा आला की कळशी आपटली. पोचा पडलाय.

१४ मे

हळद लागली. मी ओट्याच्या कोपऱ्यातून बघितलं. पिवळी धमक दिसत होती पोर.

केक उद्या टेम्पोनं येणार. कळंबच्या खड्ड्यात पडू दे.

१६ मे, सोमवार

झालं लग्न. अंग ठेचून निघालंय, पण लिहून टाकल्याशिवाय चैन पडायची नाही.

रुखवत वाजत गाजत मांडवात गेलं. पुढं साळुबाई, डोक्यावर पहिलं ताट, मागं सगळ्या सवाष्णी. पाच पराती मांडल्या आणि बाया अक्षरशः खुर्च्यांवर उभ्या राहिल्या बघायला! मी कनातीच्या फटीतून बघत होते. "साळुबाई, काय हात हाय वो तुमचा!" असं येडगावची एक म्हातारी म्हणाली. आणि साळुबाई? "आवडतं आमाला" म्हणाल्या. आवडतं आमाला! एक लाडू वळला नाही बाईनं. मी फट सोडली आणि आचाऱ्यावर ओरडले, भातात पाणी जास्त झालं म्हणून. जास्त झालं नव्हतं.

मग अक्षता, मग कन्यादान, मग तो केक आला. चार माणसांनी धरून आणला. पडला नाही, मेला. स्टेजवर ठेवला, रुखवताशेजारीच. बघायचाच नाही म्हणून मी पातेली मोजायला बसले.

थोड्या वेळानं वृषाली पळत आली, भाऊजींची पोरगी. "काकी, तायडी वर बोलावतीय तुला." म्हटलं, सांग तिला, मला कामं आहेत. गेली.

तिकडं भलताच गोंधळ ऐकू आला. बेकरीवाल्यानं सवयीनं मेणबत्त्या खोचून दिल्या होत्या, आणि कुणा शहाण्यानं पेटवल्या! फोटोवाला म्हणे, "वहिनी, फुंका." सोनीबाई ओरडल्या, "आरं, लग्नात दिवा इझवायचा? डोकं हाय का?" आता फुंकता येईना आणि ठेवता येईना. मेण गळायला लागलं केकवर. शेवटी म्हणे भाऊजींनी जळत्या मेणबत्त्या उपटल्या आणि नेऊन देवापुढं ठेवल्या. त्या गोंधळातही मला बरं वाटलं. म्हटलं, कर आणखी केक!

वृषाली पुन्हा आली. "काकी, चल ना गं, ती थांबलीय." मी म्हटलं, तिला म्हणावं तुझी मोठी आई आहे ना तिथं, तिला उभी कर. पांढऱ्या लुगड्यासारखा केक, त्याच्याबरोबर माझा फोटो कशाला?

तिसऱ्यांदा आली तेव्हा रडवेली झाली होती. "काकी, केक बसायला लागलाय."

"बसू दे!" मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं की वाढपी वळून बघायला लागले.

मग बराच वेळ काही नाही. बँडवाल्यानं एक गाणं अख्खं वाजवलं. मग टाळ्या. साळुबाईंनी तिच्या हाताला हात लावला म्हणे, आणि कापला.

पाठवणीला गळ्यात पडली. डोळे कोरडे. पोरी पाठवणीला रडतात, ही मलाच रडताना बघत होती. जीप सुटल्यावर वृषालीनं कागदी ताटलीत केकचा तुकडा आणून दिला, "तायडीनं ठेवलाय तुला." खरकट्याच्या पातेल्यात टाकला.

१७ मे

घर खायला उठलंय. अंगणवाडीला गेले. पोरांवर उगीच खेकसले.

२० मे, शुक्रवार

तेजू पाचपरतवणाला आली. चहा झाला, सगळ्यांची विचारपूस झाली, आणि माझी जीभ काही थांबेना. म्हटलं, झाली ना हौस? काढले ना फोटो?

ती म्हणाली, "फोटोत तू नाहीस."

म्हटलं, मी कशाला असायला पाहिजे?

मग जे बोलली ते जसं आठवतंय तसं लिहिते. "आई, साखरपुड्याआधी मी भटजींना जाऊन विचारलं. हळद आईनं लावली तर? नाही चालत म्हणाले. रुखवत? कन्यादान? नाही, नाही. सगळ्याला नाही. मग मी विचारलं, केक? तर ते हसले. म्हणाले, केकाला कसलं आलंय शास्त्र, कुणीबी कापा. तिथंच ठरवलं मी. माझ्या लग्नात ती एकच गोष्ट होती जिला तुझा हात चालत होता."

मी म्हटलं, मग आधी सांगायचं नाही का मेले?

"सांगितलं असतं तर तू आली असतीस? गोठ्यात जाऊन बसली असतीस. आणि मोठ्या आईला कळलं असतं तर तिनं केकालाही सवाष्ण शोधली असती. वर बोलावलं की येशील एवढंच वाटलं होतं मला. अर्धा तास सुरी धरून उभी होते गं."

खरं आहे. गोठ्यातच बसले असते.

पोरगी भर मांडवात सुरी धरून थांबली. तीन वेळा बोलावणं आलं. आणि मी पातेली मोजत बसले! चोवीस पातेली होती, अजून आठवतंय. महिनाभर चिडले कुणावर? मैद्यावर! साखरेवर! ज्याच्यावर चिडायचं त्याला नऊ वर्षं हो म्हणत आले. हळदीच्या दिवशी कोपऱ्यात जा असं मला कुणी सांगायलाही लागलं नाही, मीच आपली जाऊन उभी राहिले. माझं मलाच थोबाडावंसं वाटतंय.

तेजूपुढं रडले नाही. तिनंच माझ्या पाठीवर हात फिरवला. पाच दिवसांची सासुरवाशीण, आणि मला समजावते!

२२ मे, रविवार

तेजू आज सासरी गेली. निघताना साळुबाई ओटीचं सूप घेऊन पुढं झाल्या. मी त्यांच्या हातातून ते घेतलं. "अगं, तू कशी—" त्या म्हणाल्या. तेजूनं पदर माझ्यापुढं पसरला.

तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. आधी तेजूला कुंकू लावलं, मग ओटी भरली. दोन्ही मीच.